विश्लेषण : टॉर्चचा उजेड पांढराशुभ्र हवा की पिवळसर?

टॉर्च घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘उजेड किती लांब जातो?’ उजेडाचा रंग कोणता, हे क्वचितच कोणी विचारते. कुणाला दुधासारखा पांढरा झोत आवडतो, तर कुणाला जुन्या बल्बसारखा पिवळसर. हा केवळ आवडीचा प्रश्न आहे का? रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला शेतात जाणाऱ्यासाठी तरी नाही.

रंगतापमान म्हणजे काय?

लोखंड तापवले की ते आधी लाल, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसते. त्यावरूनच उजेडाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात सांगितला जातो. जुना घरगुती बल्ब साधारण २७०० केल्विनचा, दुपारचे ऊन साधारण ५५०० केल्विनचे, तर बाजारातल्या बहुतेक स्वस्त एलईडी टॉर्च ६५०० केल्विन किंवा त्याहून वरच्या. आकडा वाढतो तसा उजेड निळसर होतो. गंमत म्हणजे तापमान जास्त असलेल्या या उजेडालाच ‘कूल’ म्हणतात.

मग ‘टिंट’ म्हणजे काय?

एकाच केल्विनच्या दोन टॉर्चमध्ये एकीचा झोत किंचित हिरवट आणि दुसरीचा किंचित गुलाबी असू शकतो. ही छटा म्हणजे टिंट. हिरवट छटेत माणसांचे चेहरे आजारी वाटतात, म्हणून ती अनेकांना नकोशी होते.

बाजारात निळसर उजेडच जास्त का?

पांढऱ्या एलईडीत मूळ प्रकाश निळा असतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या निळ्या चिपवर फॉस्फरचा पिवळा थर देऊन उजेड पांढरा केला जातो. उबदार उजेडासाठी निळ्याचा जास्त भाग पिवळ्या-लाल रंगांत बदलावा लागतो आणि त्यात थोडी ऊर्जा वाया जाते. शिवाय डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक आणि लाल प्रकाशाला बराच कमी प्रतिसाद देतो. त्यामुळे लाल कमी ठेवला की तेवढ्याच सेलवर खोक्यावर छापायला ल्युमेनचा मोठा आकडा मिळतो. ग्राहकही आकडा पाहूनच टॉर्च घेतो.

सवय झाली की सगळे सारखेच ना?

इथेच घोळ आहे. केल्विन आणि टिंट यांची डोळ्याला खरेच सवय होते. काही मिनिटांत पिवळसर उजेडही पांढराच वाटू लागतो. दोन टॉर्च शेजारी लावल्या तरच फरक जाणवतो. तेवढ्यापुरती ही ज्याची त्याची आवड.

पण झोतात जो रंग मुळातच नाही, तो सवयीने दिसू लागत नाही. उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, हे ‘सीआरआय’ हा निर्देशांक सांगतो. जुन्या तारेच्या बल्बचा सीआरआय जवळपास १००, तर स्वस्त एलईडीचा बहुधा ७०च्या आसपास. आजोबांच्या तीन सेलच्या बॅटरीचा उजेड मिणमिणता होता, पण त्यात माती मातीसारखी दिसायची.

याने प्रत्यक्षात काय बिघडते?

मण्यार काळी आणि तिच्या अंगावर पांढरे पट्टे. ती कोणत्याही उजेडात उठून दिसते. घोणस मात्र तपकिरी, अंगावर गडद ठिपके आणि बसायला पाचोळा. तपकिरीतल्या छटा ओळखायला झोतात लाल रंग पुरेसा लागतो. तो कमी असला की साप, काटक्या आणि पाचोळा एकाच करड्या रंगाचे वाटतात. ल्युमेन भरपूर असूनही पायाखालचे नीट कळत नाही. जखमेतले रक्त पाहणे किंवा मोटारीच्या पेटीतल्या वायरींचे रंग ओळखणे, इथेही हीच अडचण. अर्थात, चांगली टॉर्च हा गमबुटांना पर्याय नाही.

धुक्यात पिवळा उजेड बरा, हे खरे का?

फारसे नाही. धुक्याचे थेंब सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. धुक्यात टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कमरेजवळ धरण्याचा फायदा जास्त. निळसर उजेडाकडे किडे अधिक येतात, हे मात्र खरे.

मग घ्यावे काय?

पायाखाली पाहण्यासाठी ४००० ते ५००० केल्विनच्या आसपासची आणि ९०पेक्षा जास्त सीआरआयची टॉर्च उत्तम. तिचे ल्युमेन थोडे कमी असतील, पण तेवढी घट डोळ्याला सहसा जाणवत नाही. दूरचा बांध न्याहाळायचा असेल, तर पांढरा लांब झोत चालेल. दुकानात झोत भिंतीवर न मारता तळहातावर मारून पाहावा. हात निर्जीव, करडा दिसला तर ती टॉर्च परत ठेवावी.

घरगुती एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा सर्रास छापलेला असतो. स्वस्त टॉर्चच्या खोक्यावर मात्र बहुधा ‘किती मीटर’ एवढेच असते. केल्विन आणि सीआरआय तिथेही छापणे बंधनकारक व्हायला हवे. आवड ग्राहकाची, हे मान्य. पण निवडायला माहितीच नसेल, तर ती आवड कसली?