ताळेबंदाची बखर

(१) बखर वाचताना आपण तीन प्रश्न विचारतो : ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि कोणासाठी? तेच प्रश्न बँकेच्या ताळेबंदालाही विचारावेत, असे माझे मत आहे. सजवलेला नफा आणि दिवाळखोरी यांचे नाते त्यातूनच उलगडते. आजचा धागा त्यावर.

(२) आधी १८६५ ची मुंबई. अमेरिकी यादवीमुळे कापसाचे भाव चढले आणि १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेने शेअरच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली. यादवी संपली, भाव कोसळले, तारण कवडीमोल झाले. तरी बँक रेटली गेली. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली, तेव्हा जवळजवळ सारे भांडवल बुडाले होते. जॅक्सन आयोगाने संचालकांच्या हलगर्जीपणावरही ठपका ठेवला.

(३) तिथे तेजीने डोळे दिपले होते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत मात्र हिशेबच बदलले गेले. २०१८-१९ मध्ये तिने सुमारे १०० कोटी रुपये नफा दाखवला. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि सहा महिन्यांसाठी खात्यातून काढता येणारी रक्कम ठरली अवघी १,००० रुपये!

(४) हे कसे घडले? हप्ता ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग त्यावरचे न मिळालेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही, शिवाय नफ्यातून तरतूद करावी लागते. या बँकेच्या कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के एचडीआयएल या एकाच समूहाकडे अडकली होती. ती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. थकबाकी लपली, म्हणून तरतूद टळली. तरतूद टळली, म्हणून नफा दिसला.

(५) कायद्याच्या चौकटीतही तरतुदीचा अंदाज थोडा इकडेतिकडे करता येतो. प्रत्येक वेळी ती लबाडीच असते असे नाही. पण दिशा एकच : आजचा तोटा उद्यावर ढकलणे.

(६) यावर एक युक्तिवाद नेहमी होतो. थकबाकी जाहीर केली असती तर घबराट पसरून बँक आधीच बुडाली असती. झाकल्याने सावरायला वेळ मिळाला. मला हे पटत नाही. तो वेळ ऋणकोला मिळाला. त्याच काळात, गुळगुळीत आकडे पाहून, नवे ठेवीदार आत येत राहिले. एचडीआयएल ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, तेव्हा ओझे त्यांच्या डोक्यावर आले.

(७) आमच्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात या गोष्टीचा अर्थ चटकन कळतो. इथे निवृत्तीची पुंजी आणि सोसायटीचा देखभाल निधी सहकारी बँकांत ठेवण्याची रीत आहे. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण ५ लाखांवरील ठेवींची परतफेड १० वर्षांपर्यंत लांबली. सत्तरीतल्या माणसाने ही १० वर्षे कुठून आणायची?

(८) म्हणून नफा ही बखर समजा आणि रोकड हा समकालीन कागद. दोघांत विसंगती दिसली की कागदाचे ऐका. लेखापरीक्षकाने आणि नियामकाने एवढी साधनचिकित्सा वेळेवर केली, तर तोटा टळणार नाही. पण तो लहान असतानाच दिसेल.