सिगारेट मुलीच्या हातात दिसली की...

कॉलेजातला मुलगा टपरीवर सिगारेट ओढताना दिसला तर आपण म्हणतो, ‘वय आहे, सुटेल.’ मुलगी दिसली की थेट तिचं चारित्र्य काढतो! निकोटिनला मात्र मुलगा-मुलगी कळत नाही. बदनामीच्या भीतीने मुलगी सवय लपवते, मदत मागत नाही. आणि घरात आजी मशेरी लावते, तीही तंबाखूच ना? २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या २ टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या, तर १२.८ टक्के बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या आढळल्या. म्हणून लेकीला हॉस्टेलवर पाठवताना नुसतं संस्कारांचं भाषण नको. ‘अडकलीस तर आधी मला सांग,’ एवढं म्हणा. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांकही द्या. आणि हेच सगळं मुलालाही सांगा.