घरच्या घरी, पण कोणाच्या घरी?

डिसेंबर उजाडला की मासिकांच्या आणि रविवारच्या पुरवण्यांच्या बालसंगोपनाच्या पानावर एक लेख हमखास येतो. थंडीत चिमुकल्यांना घरात कसे रमवावे, सोप्या हस्तकला. कापसाचा ससा, लोकरीचा गोंडा, घोटीव कागदाची टोपी. सोबत एक हसरी आई आणि तिच्या मांडीवर दोन-अडीच वर्षांचे मूल. बाबा चित्रात नसतात. शेवटी सूचना असते : आईने रोज फक्त अर्धा तास काढावा.

असाच लेख वाचून मीही एकदा पिशवी भरली होती. कागद, डिंक, लोकर, रंग. जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आमच्या बायांची बैठक भरायची. पावसाळ्यात वीस-पंचवीस बाया यायच्या आणि जवळजवळ तेवढीच पोरे. म्हटले, या वेळी पोरांसाठीही काही करू. डिसेंबरात तिथे पोचले तर निम्म्याहून अधिक दारांना कुलपे. काही दारांना कुलूपही नाही, नुसती दोरी बांधलेली. उन्हाला बसलेल्या दोन म्हाताऱ्या आणि त्यांच्याभोवती चार मुले. बाकी सगळी भट्टीवर गेलेली.

भाताची झोडणी उरकली की जव्हार-मोखाड्याची माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, हे मला माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. मोर्चात त्यावर घोषणा दिल्या होत्या. पण 'मुलांची हस्तकला' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे घर आले ते माझे होते, त्या बायांचे नव्हते. ही चूक माझी, म्हणून आधी माझ्याच पदरात घालते.

पुढे एका भट्टीवर मी गेले. तिथे मजूर मोजतात ते जोडप्याने. उचल नवऱ्याच्या हाती, हिशेब नवऱ्याच्या नावावर, विटा पाडतात दोघे. बाई पहाटे अंधारात उठते, चिखल मळते, विटा पाडते, मध्येच भोंग्यात शिरून भाकरी थापते, पाणी आणते, पुन्हा चिखलात उतरते. तिचे तान्हे विटांच्या आडोशाला झोळीत, त्याहून मोठे तिथेच मातीत. मी माझ्या पिशवीतले कागद काढले तेव्हा एक बाई हसून म्हणाली, "ताई, चिखलातच तर असतं ते दिवसभर. आणखी काय खेळवायचं त्याला?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला फार दिवस लागले. ते आज लिहिते आहे.

मैत्रिणींनो, 'फक्त अर्धा तास' हे शब्द तपासून पाहा. शहरातल्या नोकरदार बाईलाही तो अर्धा तास स्वयंपाकातून नाहीतर झोपेतूनच कापावा लागतो. तो काढला नाही तर मुलाचा विकास खुंटला, असा दोष तिच्याच माथी. म्हणजे मुलाचे शिक्षण ही आधी आईची बिनमोल मजुरी आणि मग तिचा अपराध. शहरातली ही अपराधाची भावना आणि भट्टीवरची झोळी या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. लहान मूल ही समाजाची जबाबदारी आहे, हे मान्य करायचे नाही.

दुसरीकडे आपल्याच चळवळीतले काही साथी विचारतात, जिथे मुले उपासमारीने मरतात तिथे कागद-डिंकाचे चोचले कशाला? १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव राज्यभर गाजले. २०१६ साली मोखाड्याचे गाजले. तेव्हापासून आदिवासी मूल म्हटले की वजनकाटा आणि दंडाला लावायची पट्टी. ती हवीच, अन्न आधी हवेच. पण ज्या मुलाला आपण फक्त मोजत राहतो, त्याला हात आहेत, त्या हातांना काही करावेसे वाटते, हे आपणही विसरतो. पोट आणि हात यांत निवड करायला आपण श्रीमंतांच्या मुलांना कधी सांगत नाही.

याच जिल्ह्यात ताराबाई मोडकांनी ही निवड नाकारली होती. १९४५ साली बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, पुढे काम कोसबाडला गेले. महागडी साधने परवडणार नाहीत म्हणून त्या थांबल्या नाहीत. पाने, माती, काटक्या, शिंपले हीच साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून आयांना बोल लावला नाही, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली. आई चुकार नाही, शाळाच चुकीच्या जागी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा 'अंगणवाडी' हे नाव उचलले. त्यातले अंगण मात्र तिथेच राहिले, माणसे स्थलांतर करून दुसरीकडे गेली. आणि ती अंगणवाडी चालवणारी बाई? ती आजही कामगार नव्हे, मानसेवी. तिला पगार नाही, मानधन. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ पासून राज्यभरच्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांना पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. ऐन थंडीत मुलांची हस्तकला कुठे अडली होती, ते यावरून कळावे.

कायद्यांचीही तीच तऱ्हा. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची अट घातली ती बायकांची डोकी मोजून. भट्टीवर बाई हजेरीपटावरच नाही, तर मोजणार कोणाला? १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. मोखाड्याहून भिवंडीला जाणारी बाई कोणतीच हद्द ओलांडत नाही, म्हणून ती कुठल्याच कागदावर आली नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे वळते. चिखल त्याच्या हाताला लागतोच, मग आणखी काय? बाई गं, फरक एवढाच की खेळातला चिखलाचा बैल त्याचा असतो आणि वीट शेठची असते. पाच-सहा वर्षांचा झाला की तेच पोर वाळत घातलेल्या विटा उलटायला लागते. त्याआधीची दोन-चार वर्षे तरी माती त्याची असू दे.

आणि करायला काय हवे? मातीची चूल, भांडी, बैल. भाताच्या पेंढ्याची बाहुली. सागाच्या वाळक्या पानाला दोन भोके पाडून बोहाड्याचे सोंग. तांदळाच्या पिठात बोट बुडवून गेरूच्या कुडावर ठिपके. लग्नात चौक लिहिणाऱ्या सवाशिणींना हे शिकवायला शहरातून कोणी यायला नको. बिया आणि मणी मात्र अगदी लहानांच्या हाती देऊ नयेत, ते नाकात-घशात जातात. म्हणजे पाहणारे मोठे माणूस हवेच. ते माणूस कोण, आणि त्याला मोबदला कोण देणार, इथेच सगळे येऊन थांबते.

म्हणून माझे म्हणणे असे. भट्टी तिथे पाळणाघर असलेच पाहिजे, आणि त्याचा खर्च मालकाने व सरकारने उचलावा. १९९० च्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून दाखवल्या, तेव्हा ते अशक्य आहे असे कोणी सांगू नये. पाड्यावरच्या मुलाचे नाव आणि आहार ते जाईल त्या गावच्या अंगणवाडीत विनाअट मिळावा. सेविकेला मानधन नको, वेतन हवे. विटांचा हिशेब बाईच्या नावावरही लिहिला जावा. आणि घरातल्या बाप्यांनी पोराला मांडीवर घेऊन बसावे. त्याला अनुदान लागत नाही.

आपापल्या गटात यावर बोला. तुमच्या जवळच्या भट्टीवर या हिवाळ्यात एकदा जाऊन या. पिशवी रिकामी नेली तरी चालेल, पण तिथे मुले किती आणि सांभाळणारे कोण, एवढे लिहून आणा. पुढच्या बैठकीत तीच यादी घेऊन आपण तहसील कचेरीत जाऊ.