बोर्डाची परीक्षा मे महिन्यात घ्या

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेसाठी सहा संगणक घ्यायचे ठरले, तेव्हा निवड माझ्यावर सोपवली गेली. पैसा वर्गणीचा होता. त्यात रिक्षावाल्यांचे होते, घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांचेही होते. मोठ्या डेस्कटॉपऐवजी तळहाताएवढे, कमी वीज खाणारे बोर्ड घ्यावेत असं मी सुचवलं. इंटरनेटवर चाचण्यांचे आकडे पाहिले आणि ज्याचा आकडा सर्वांत मोठा तो निवडला. हाजीसाहेबांनी एकच विचारलं, "बेटा, उन्हाळ्यात चालेल ना?" मी आकड्यांचा कागद पुढे केला.

जानेवारीत सगळं छान चाललं. मे महिन्यात, पत्र्याच्या छताखाली, दुपारी दोननंतर मराठी टायपिंगचा सराव करणाऱ्या मुलींची अक्षरं पडद्यावर उशिरा उमटू लागली. व्हायरस असेल म्हणून मी दोन दिवस वाया घालवले. बोर्ड बिघडले नव्हते. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो, तेच होत होतं. मी पाहिलेले आकडे थंड खोलीतले होते, तेही पाच मिनिटांच्या चाचणीचे. बंद डबीत बसवलेला बोर्ड तेवढ्या वेळात धड तापतही नाही.

त्या चाचण्या खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. आमचा प्रश्न वेगळा होता आणि तो मी कुणाला विचारलाच नाही.

विजेचंही तसंच. आपण प्रोसेसरचे वॅट वाचतो आणि तेच संगणकाचे समजतो. २००८ साली इंटेलचा डी९४५जीसीएलएफ हा छोटा बोर्ड आला. त्यावरच्या ॲटम २३० प्रोसेसरचा आकडा ४ वॅट, पण शेजारच्या चिपसेटचा साधारण २२! पंखा प्रोसेसरवर नव्हताच, तो चिपसेटवर बसवला होता. आजचा एन१०० कागदावर ६ वॅटचा, पण कामाचा जोर आला की काही वेळ त्याहून बरीच जास्त वीज ओढू शकतो. म्हणून प्लगमध्ये लावायचा मीटर आणावा आणि सगळा संच जोडून मोजावं. मॉनिटर तर सगळेच विसरतात, मीही विसरलो होतो. बोर्डाला १० वॅट आणि मॉनिटरला २० धरले तरी सहा संचांचे १८० वॅट होतात. इन्व्हर्टरवर अभ्यासिका किती तास चालेल, हे त्या १८० वर ठरतं.

आता मी चाचणी आमच्याच खोलीत घेतो. वेळ दुपारची, पंखा बंद, डबीचं झाकण लावलेलं. ब्राउझर, टायपिंग आणि एक व्हिडिओ असं सगळं दोन तास एकदम चालू ठेवतो. दर दहा मिनिटांनी तापमान आणि वेग वहीत लिहितो. रोज वापरायची तीच वायर आणि तोच चार्जर लावतो, कारण वायर बारीक असली की बोर्डापर्यंत पुरे व्होल्टेज पोचत नाही आणि तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. पहिल्या तासाचे आकडे मी फारसे पाहत नाही.

आमच्या सहा बोर्डांना ॲल्युमिनियमचे हीटसिंक लावले, झाकणं काढून जाळी बसवली, टेबलं पत्र्याच्या भिंतीपासून हलवली. अक्षरं आता वेळेवर उमटतात. त्या दोन महिन्यांत सराव सोडलेल्या तीन मुली मात्र परत आल्या नाहीत.

यंदा आणखी चार घ्यायचे आहेत. दुकानदाराकडे मी मे महिन्यात आठवडाभरासाठी एक बोर्ड उसना मागितला. तो म्हणाला, "सर, असं कुणी मागत नाही."