पद नको, काम लिहा

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींतून ओतकामाचे सुटे भाग देशभरच्या मोटार, ट्रॅक्टर आणि पंपांच्या कारखान्यांना जातात. इथल्या फाउंड्रीमालकांपैकी अनेकांचे आता लिंक्डइनवर खाते आहे. पण उघडून पाहावे तर बहुतेक ठिकाणी नावाखाली ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ एवढेच लिहिलेले असते. पुढे प्रदर्शनातला पुष्पगुच्छ, दसऱ्याच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी सत्काराचे छायाचित्र. कारखाना कोणत्या धातूचे, किती वजनाचे ओतकाम करतो, हे शोधूनही सापडत नाही. ज्याच्यासाठी हे खाते काढले, तो खरेदी विभागातला माणूस काहीच हाती न लागता पुढच्या नावाकडे वळतो. ही हानी टाळता येण्याजोगी आहे, म्हणून तिची अधिक खंत वाटते.

चाकणचा असो वा जर्मनीचा, नवा पुरवठादार शोधणारा अभियंता ‘डायरेक्टर’ शोधत नसतो. तो धातू, प्रक्रिया आणि वजन यांचे शब्द टाकतो. तेव्हा नावाखालची ओळ ‘एसजी आयर्न कास्टिंग, 2 ते 40 किलो, मशिनिंगसह, कोल्हापूर’ अशी असावी. त्याखालच्या परिचयात भट्टीची क्षमता, मोल्डिंगची पद्धत, धातू तपासायला स्पेक्ट्रोमीटर आहे की नाही, आयएटीएफ 16949 चे प्रमाणपत्र आहे का, पॅटर्न हाती आल्यावर पहिले सॅम्पल किती दिवसांत देता, हे सारे साध्या इंग्रजीत लिहावे. आपण काय करत नाही, हेही लिहावे. शंभर किलोचे काम होत नसेल तर तसे सांगितल्याने चुकीच्या चौकशा थांबतात आणि बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

नंतर रोज काय लिहायचे, हा प्रश्न मालक विचारतात. रोज लिहायची गरजच नाही. महिन्यातून दोनदा लिहिले तरी पुष्कळ, पण ते कारखान्यातले असावे. समजा, एखाद्या भागात ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडणारी पोकळ छिद्रे, येत होती. वाळूतला ओलावा तपासला, मग कोअरमधून सुटणारा वायू बाहेर पडायला वाट आहे का ते पाहिले, दोष कुठे होता ते कळले आणि रिजेक्शन उतरले. एवढी हकिगत दहा ओळींत लिहिली, तर ती वाचणाऱ्या अभियंत्याला हा माणूस अडचण आल्यावर फोन बंद करून बसणारा नाही, हे उमगते. छापील माहितीपत्रकातून ते कधीच कळत नाही. मात्र ग्राहकाचे ड्रॉइंग, त्याचा पार्ट नंबर किंवा त्याच्या भागाचे छायाचित्र परवानगीशिवाय टाकू नये. गोपनीयतेच्या करारावर आपली सही असते, आणि एका छायाचित्रापायी वर्षानुवर्षांचे काम हातचे जाऊ शकते.

अनोळखी माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटणाऱ्यांनी मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा निबंध लक्षात घ्यावा. बॉस्टनजवळ ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याने खबर दिली तो तुम्हांला कितीदा भेटत असे? वरचेवर भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले सुमारे 17 टक्केच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी दिली होती. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे 2 कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला. अगदी घट्ट ओळखींपेक्षा काहीशा सैल ओळखी नोकरीसाठी अधिक उपयोगी पडतात, असे त्यातही दिसले. हे नोकरीचे झाले. पण कामाच्या ऑर्डरीलाही हाच तर्क लागू पडावा, असे आम्हांला वाटते. आपल्या रोजच्या बैठकीतल्या माणसांना जे ठाऊक असते, ते आपल्याला आधीच ठाऊक असते. नवी चौकशी येते ती त्या बैठकीबाहेरून, म्हणजे पूर्वी नोकरी केलेल्या कंपनीतला सहकारी, पॉलिटेक्निकचा वर्गमित्र, प्रदर्शनात पाच मिनिटे बोललेला मशीनविक्रेता यांच्याकडून.

अशा ओळखींशी वागण्याची रीत मात्र हवी. जोडणीची विनंती मान्य होताच दरपत्रक पाठवणाऱ्या माणसाचे खाते पुन्हा कुणी उघडून पाहत नाही. विनंतीसोबत दोन ओळी लिहाव्यात: कुठे भेटलो होतो, तुमच्या कोणत्या कामाविषयी कुतूहल आहे. समोरच्याने काही लिहिले तर ‘ग्रेट सर’ म्हणण्याऐवजी आपल्या अनुभवातली एखादी भर घालावी. ऑर्डर येईल तेव्हा येईल.

सावधपणाही इथेच सांगायला हवा. मोठ्या कंपनीचे नाव लावून खोटी खाती उघडली जातात आणि सॅम्पल किंवा ‘नोंदणी शुल्क’ मागितले जाते. समोरच्याचा ईमेल कंपनीच्याच डोमेनचा आहे का ते पाहावे, जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर पडताळावा, आणि कंपनीच्या मुख्य दूरध्वनीवर फोन करून त्या नावाचा माणूस खरेदीत आहे का हे विचारावे. शुल्क मागणाऱ्या ‘ग्राहका’ला नकार द्यायला काही तपासावेही लागत नाही.

लिंक्डइनचे भारतात 10 कोटींहून अधिक सदस्य आहेत; अमेरिकेनंतर सर्वांत जास्त आपल्याकडेच. वर सांगितलेल्या बहुतेक कामाला विनाशुल्क खाते पुरते. अडते ते लिहिण्यापाशी. ज्या छोट्या युनिटचा मालक सकाळी भट्टीपाशी असतो आणि संध्याकाळी वसुलीचे फोन करतो, त्याने इंग्रजीत परिचय कधी लिहायचा? स्मॅक, गोशिमा आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी हे काम अंगावर घ्यावे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची चार मुले-मुली बसवावीत, मालकाने मराठीत सांगावे, त्यांनी तिथल्या तिथे लिहून द्यावे, आणि धातू, वजन, क्षमता यांचे आकडे कारखान्यातल्या जाणत्या सुपरवायझरने एकदा नजरेखालून घालावेत. सुरुवात दहा-पंधरा माणसांच्या युनिटांपासून करावी; मोठ्या फाउंड्र्यांकडे या कामाला माणसे आहेत.