हुशार आहे ना ती, मग ट्रॉम्बोन का?

आपल्या मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत एका ओळखीच्या वहिनींनी माझ्या धाकटीची चौकशी केली. ती अ‍ॅन आर्बरला, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनच्या म्युझिक स्कूलमध्ये ट्रॉम्बोन शिकते हे ऐकून त्या जरा थांबल्या आणि अगदी काळजीने म्हणाल्या, "अगं, पण हुशार आहे ना ती?" मागून कुणीतरी म्हणालं, "चला, लग्नातल्या बँडचा खर्च वाचला." सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आमच्या थोरल्याने त्याच युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स घेतलं, तेव्हा याच मंडळींनी माझ्याकडे हक्काने पेढे मागितले होते. त्याच्या हुशारीबद्दल कुणाला प्रश्न पडला नव्हता. तिच्याबद्दल का पडला, यावर मी त्या दिवसापासून विचार करते आहे.

वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं. पैसा. पण ते खरं उत्तर नाही असं माझं मत झालं आहे. आपल्यातल्या एकाची मुलगी कथक घेऊन शिकते आहे, दुसऱ्यांचा मुलगा तबल्यासाठी वर्षभर पुण्याला जाऊन राहिला. त्यात पैसा आहे असं कुणाला वाटत नाही, तरी आपण त्यांचं कौतुक करतो, स्मरणिकेत फोटो छापतो. ट्रॉम्बोन, ट्रम्पेट, ट्यूबा यांचं नाव निघालं की मात्र आपल्या डोळ्यांपुढे वरात येते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, उन्हात निथळणारे चेहरे आणि डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका. ती माणसं कोणत्या वस्तीतून यायची, त्यांना जेवायला कुठे बसवायचे, कितव्या पंगतीनंतर बोलवायचे, हे आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलं आहे. वाद्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. वाद्य ज्यांच्या हातात होतं त्यांना आपण कमी लेखत होतो, आणि ते कमी लेखणं आपण सामानाबरोबर इथवर, अमेरिकेत, घेऊन आलो.

ढोल-ताशाचंही एकेकाळी हेच होतं. पुण्यात शाळांनी पथकं काढली, ज्ञानप्रबोधिनी आणि रमणबागेच्या मुलामुलींनी कमरेला ढोल बांधले, आणि बघता बघता ढोल प्रतिष्ठित झाला. आज आपल्या मंडळाच्या पथकात डॉक्टर आहेत, मोटार कंपन्यांतले मोठे इंजिनियर आहेत. पांढरा कुर्ता आणि फेटा घालून ते पार्किंग लॉटमध्ये ताल धरतात, तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो. त्यांच्या हुशारीची चौकशी कुणी करत नाही. ढोल तोच, हात बदलले. पितळी वाद्यांच्या नशिबी ते आलं नाही. पुण्याच्या मिरवणुकीत गणपतीपुढे प्रभात बँड वाजायला लागला की आपण रस्त्यावर उभे राहून तासन्‌तास ऐकायचो, पण आपल्या घरातल्या कुणी तिथे जाऊन वाजवावं असं मनात आलं नाही.

आणि ज्या गाण्यांवर आपण दर दिवाळीला नाचतो, त्यांत हीच वाद्यं भरलेली आहेत. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली पोरं मुंबईत आली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेली. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, असेच एक ट्रम्पेटवादक. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे ते सहायक होते, आणि १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. 'अलबेला' आपल्या सगळ्यांना पाठ आहे. चिक चॉकलेट हे नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय?

आता धाकटी नक्की काय शिकते, ते सांगते. कारण "वाजवायला काय शिकायचं चार वर्षं?" हा दुसरा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो.

टेनर ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर साधारण नऊ फूट भरते. स्वर मात्र नळीत नसतो, ओठांत असतो. ओठ थरथरतात, नळी त्या थरथरीला मोठं करते. ट्रॉम्बोनला ट्रम्पेटसारखी बटणं नाहीत. सरकणाऱ्या स्लाइडच्या सात जागा आहेत आणि प्रत्येक जागेला स्वर अर्ध्या सुराने उतरतो. पण स्लाइडवर कुठेही खूण नसते. जागा कानाने शोधायची, हाताला शिकवायची आणि सोबतच्या वाद्याप्रमाणे केसभर मागेपुढे करायची. पेटीची पट्टी दाबली की सूर आयता मिळतो, तसं इथे काही मिळत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हे या वाद्याच्या रचनेतच आहे. जी माणसं मींडेवर जीव ओवाळून टाकतात, त्यांना हे वाद्य सगळ्यात आधी कळायला हवं होतं.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा समजली आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्याला सांगते. जगभरचे ट्रॉम्बोनचे विद्यार्थी ज्या अभ्यासाच्या पुस्तकावर वाढतात, ते मुळात गायकांसाठी आहे. मार्को बोर्दोन्यी नावाचे एक इटालियन गायक आणि गानगुरू होते. त्यांनी शिष्यांसाठी लिहिलेले स्वराभ्यास जोहानस रोशू यांनी १९२८ मध्ये ट्रॉम्बोनसाठी उतरवून घेतले. धाकटी आठवड्याला त्यातला एखादा तयार करते. आधी गाते, मग वाजवते. शिकागो सिंफनीत १९४४ पासून १९८८ पर्यंत ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स हेच शिकवत: आधी डोक्यात गाणं, मग श्वास, बाकी शरीर आपोआप करतं. रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये एमरी रेमिंग्टन यांनी १९२२ पासून जवळजवळ पन्नास वर्षं ट्रॉम्बोन शिकवला. त्यांनी घालून दिलेले लांब स्वरांचे पाठ आजही रोज सकाळी वाजवले जातात. माझी आई पहाटे तंबोरा घेऊन खर्ज लावायची. नात मिशिगनच्या थंडीत प्रॅक्टिस रूममध्ये लांब स्वर लावते. आईच्या रियाझाला आमच्या घरात सगळे मान द्यायचे, चहाच्या कपांचा आवाजसुद्धा होऊ द्यायचे नाहीत. मग नातीचा रियाझ कुठे कमी पडतो?

थोरल्याचं आणि तिचं शिक्षण मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हेही लिहिते. त्याला एखादं असाइनमेंट राहिलं तर तो रात्रभर जागून ते संपवायचा. तिला ती सोय नाही. ओठांचे स्नायू लहान असतात. ते थकले की ऐकत नाहीत, आणि तरी जबरदस्ती केली तर दुखापत होते. जेवढा वेळ वाजवायचं, जवळजवळ तेवढाच वेळ थांबायचं, हा त्यांचा नियम. थांबलेल्या वेळात स्कोअर वाचायचा, ऐकायचं, गायचं. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास असा प्रकारच उरत नाही. सेमिस्टरच्या पहिल्या दिवसापासून रोज थोडं थोडं, न चुकता. आठवड्याला गुरूंजवळ एकटीचा तास. शिवाय स्टुडिओ क्लास, त्यात सगळे ट्रॉम्बोनवाले एकमेकांसमोर वाजवतात आणि एकमेकांच्या चुका तोंडावर सांगतात. मग ऑर्केस्ट्रा, बँड, ट्रॉम्बोन क्वायर. त्याखेरीज थिअरी, कान तयार करण्याचा तास, पियानो, संगीताचा इतिहास, आणि सेमिस्टरच्या शेवटी शिक्षकांच्या मंडळापुढे परीक्षा. नॉर्थ कँपसवर तळ्याकाठी ही इमारत आहे. सेंट लुइसच्या कमानीचा आराखडा ज्यांनी केला त्या एरो सारिनेन यांनीच हिचाही केला. कधी त्या बाजूला गेलात तर संध्याकाळी प्रॅक्टिस रूम्सच्या बाहेर थोडा वेळ उभे राहा. मोत्सार्टच्या 'रेक्विएम'मधला ट्रॉम्बोनचा तोच तुकडा एक मुलगा पुन्हा पुन्हा वाजवत असतो, दर वेळी थोडा निराळा. हुशारीला याहून जास्त काय लागतं, मला माहीत नाही.

वाद्य धरणारे हात कुणाचे, हा प्रश्न काही फक्त आपलाच नाही. १९८० मध्ये म्युनिक फिलहार्मोनिकने ट्रॉम्बोनच्या मुख्य जागेसाठी ऑडिशन घेतली. उमेदवार पडद्याआड बसून वाजवत होते. पडद्यामागच्या एका उमेदवाराचं वादन ऐकून परीक्षकांनी निर्णय दिला, आणि पडद्याबाहेर आल्या अ‍ॅबी कोनंट. अमेरिकन बाई. बोलावण्याच्या पत्रात त्यांचा उल्लेख "श्रीयुत" असा होता. पुढे कंडक्टरांनी त्यांना खालच्या जागेवर ढकललं. आपल्या फुप्फुसांत दम आहे हे सिद्ध करायला त्यांना वैद्यकीय तपासण्या कराव्या लागल्या आणि १९९३ पर्यंत कोर्टात झगडावं लागलं. त्या जिंकल्या. आता इथल्या ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशनमध्ये पडदा ही नेहमीची गोष्ट झाली आहे. आणि २००६ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने मुख्य ट्यूबावादकाची जागा कॅरल यान्च यांना दिली, तेव्हा त्या याच मिशिगनच्या म्युझिक स्कूलमध्ये शेवटच्या वर्षाला होत्या. पदवी अजून हातात आली नव्हती. आमच्या घरात हे नाव देवाच्या नावासारखं घेतलं जातं.

नोकऱ्यांचं मी लपवत नाही. एका सिंफनीत ट्रॉम्बोन तीन, ट्यूबा एक. जागा रिकामी व्हायला वर्षंच्या वर्षं जातात आणि झाली की देशभरातून माणसं येतात. हे धाकटीला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण थोरल्याच्या कंपनीने गेल्या वर्षी निम्मी टीम घरी पाठवली, तेव्हा "कॉम्प्युटर का घेतलंस?" असं त्याला कुणी विचारलं नाही. "सोबत दुसरी डिग्री तरी कर" हा सल्लाही मला सर्रास मिळतो. काही मुलं तसं करतात, चांगलं करतात. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

मला जास्त लागतं ते वेगळंच. आपली सगळी मुलं इथल्या शाळेच्या बँडमधून गेली आहेत. पाचवी-सहावीत हातात पहिल्यांदा क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट दिला, घरभर भयंकर आवाज झाला, आणि वर्षाअखेरीस पन्नास मुलं एका सुरात वाजवू लागली. हे कुणी केलं? बँड डायरेक्टरने. ते सर, त्या बाई कुठून आल्या? अशाच म्युझिक स्कूलमधून. युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये १९३५ पासून १९७१ पर्यंत विल्यम रेव्हेली यांनी बँड सांभाळले. त्याआधी ते इंडियानातल्या होबार्टच्या हायस्कूलमध्ये मुलांना शिकवत होते. त्यांच्या सिंफनी बँडला १९६१ मध्ये अमेरिकन सरकारने पंधरा आठवडे सोव्हिएत युनियन आणि मध्यपूर्वेच्या दौऱ्यावर पाठवलं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसं शाळाशाळांत जाऊन मास्तर झाली. आपण ख्रिसमसला त्या मास्तरांना गिफ्ट कार्ड देतो, कॉलेजच्या अर्जासाठी त्यांच्याकडून शिफारसपत्र घेतो, "चार वर्षं बँड" हे अर्जात ठळक लिहितो. आणि मूल म्हणालं की मला यांच्यासारखं व्हायचंय, तर आपला चेहरा उतरतो. ज्यांच्या हाती आपण मूल सोपवलं, त्यांच्यासारखं होणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. मुलांना हे कळतं. ती काही बोलत नाहीत, पण त्यांना बरोबर कळतं. धाकटी आता गणपतीला यायला टाळाटाळ करते, आणि तिला आग्रह करायला माझी जीभ रेटत नाही.

मंडळाच्या कार्यक्रमांबद्दलही बोलायचं होतं. ट्रॅक लावून नाचायला वीस मिनिटं मिळतात आणि जिवंत वाद्यांना "वेळ उरला तर". त्यामागे समितीच्या अडचणी असतात, हॉलचं भाडं तासावर असतं, हे मला मान्य आहे. म्हणून तो विषय इथेच थांबवते.

लिहिताना सूर चढला आहे. परदेशात राहून एकमेकांना धरून असणारी आपण माणसं. आजारपणात डबे तुम्हीच आणून दिलेत, थोरल्याच्या मुंजीला रात्रभर जागून लाडू तुम्हीच वळलेत. रांगेतल्या त्या वहिनींना हा लेख वाचून वाईट वाटलं, तर मी त्यांच्या घरी जाऊन त्यांची क्षमा मागेन. त्यांनी काळजीनेच विचारलं होतं. पण लेख मागे घेणार नाही, कारण हाच प्रश्न उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलीला विचारला जाईल.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मी समितीकडे दहा मिनिटं मागितली आहेत. धाकटी आणि तिच्या वर्गातले चौघं मिळून पाच जणांचा ब्रास क्विंटेट आहे: दोन ट्रम्पेट, एक हॉर्न, एक ट्रॉम्बोन, एक ट्यूबा. ती येणार आहे, कारण मित्रांनी "जाऊ या" म्हटलं. माइक लागणार नाही, पाच खुर्च्या आणि पाच स्टँड हवेत. आणि ज्यांची मुलं अकरावीत आहेत आणि पितळी वाद्यं मनापासून वाजवतात, त्यांनी उन्हाळ्याच्या आत मला फोन करावा. बऱ्याच म्युझिक स्कूल्सना नाताळाच्या आधीच रेकॉर्डिंग पाठवावं लागतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बर्फातून गाडी चालवत ऑडिशनला जावं लागतं. कोणते तुकडे मागतात, साथीला पियानो कुणाचा घ्यायचा, शिक्षकांना आधी भेटता येतं का, हे सगळं मी आणि धाकटी बसून सांगू.