एकशे सहावा मुलगा

"काकू, नेब्रास्का विसर आता," असं आमचा पुतण्या गेल्या रविवारी भर पंगतीत म्हणाला आणि माझा अख्खा आठवडा त्या एका वाक्याने खाल्ला. पोरगा ओहायो स्टेटमध्ये शिकलेला, नोकरीला शिकागोत, सध्या सुट्टीवर पुण्यात. त्याच्या विद्यापीठाने जानेवारी २०२५ मध्ये नोटर डेमला ३४-२३ असं हरवून कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून स्वारी जरा हवेतच आहे. मोबाइलवर कुठलासा अंदाज काढून त्याने माझ्यापुढे धरला. पुढच्या मोसमात नेब्रास्का विजेता होण्याची शक्यता म्हणे एक टक्कासुद्धा नाही. मी म्हटलं, "अरे, तू दुपट्यात होतास तेव्हापासून मी हा संघ बघतेय. टक्के मला नको सांगूस." तो हसला. मला काही हसू आलं नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझं हे वेड ठाऊक आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात शनिवारी रात्री साडेनऊनंतर मला कुणी फोन करत नाही, कारण नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकनला तेव्हा सकाळचे अकरा वाजतात आणि बऱ्याचदा सामना सुरू होतो. यजमानांच्या शेतकीतल्या पीएच.डी.साठी आम्ही १९९३ च्या ऑगस्टमध्ये तिथे गेलो. चहूकडे मका आणि सोयाबीन, आणि मधोमध ते स्टेडियम. नेब्रास्कात व्यावसायिक खेळाचा मोठा संघ एकही नाही. ना एनएफएलचा, ना एनबीएचा. सगळ्या राज्याचं मिळून हे एकच दैवत. ३ नोव्हेंबर १९६२ पासून मेमोरियल स्टेडियममधल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपत आली आहेत आणि हा सिलसिला चारशे सामन्यांच्या पुढे गेला आहे. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं गाव म्हणजे ते स्टेडियम. आजीच्या अंगात लाल शर्ट, तिच्या मांडीवरच्या तान्ह्याच्या अंगातही लाल. आणि पाहुणा संघ मैदान सोडून निघाला की लोक उभे राहून त्याला टाळ्या देतात. हरून चाललेल्याला देतात, तशाच जिंकून चाललेल्यालाही देतात. खेळ कसा बघावा हे मी तिथे शिकले.

आता हिशेब एकदाच मांडते. कोच बॉब डेव्हनी यांच्या हाताखाली १९७० आणि १९७१, टॉम ऑस्बर्न यांच्या हाताखाली १९९४, १९९५ आणि १९९७, अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं. शेवटचं मिशिगनबरोबर वाटून मिळालेलं. त्यानंतर २००१ च्या मोसमात अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली, पण मायामीने ३७-१४ असं लोळवलं. स्वतःच्या कॉन्फरन्सचं, म्हणजे गटाचं, विजेतेपद शेवटचं मिळालं ते १९९९ मध्ये. २०११ मध्ये संघ बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेला आणि तिथे त्याला सूर सापडलाच नाही. २०२१ मध्ये बारापैकी नऊ सामने गमावले, आणि त्या नऊपैकी एकही दहा किंवा जास्त गुणांनी गमावला नाही. मॅट रूल कोच म्हणून आल्यावर २०२४ मध्ये सात विजय आणि सहा पराभव, २०२५ मध्ये पुन्हा तेच. आकडे पुतण्याच्या बाजूचे आहेत.

पण आकड्यांमागचं कारण त्याला ठाऊक नाही, आणि माझा राग तिथे आहे. नेब्रास्का संपली ती मका पिकवणाऱ्या राज्यात चांगली पोरं जन्माला येईनाशी झाली म्हणून नव्हे. तिला घाई नडली. ऑस्बर्न १९७३ मध्ये मुख्य कोच झाले आणि त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९९४ मध्ये, बाविसाव्या मोसमात! मधल्या एकाही वर्षी त्यांनी नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत, पण मोठा सामना हातचा निसटायचा. २ जानेवारी १९८४ ची ऑरेंज बोलची लढत तिथली म्हातारी माणसं अजून काल घडल्यासारखी सांगतात. समोर मायामी, शेवटची ४८ सेकंदं उरलेली, आणि नेब्रास्काने टचडाउन करून पिछाडी ३१-३० वर आणली. एका गुणाची साधी किक मारली असती तर बरोबरी होत होती, आणि मोसमभर अपराजित राहिलेल्या या संघाला विजेतेपद बहुधा मिळूनच गेलं असतं. ऑस्बर्न बरोबरीसाठी खेळले नाहीत. त्यांनी दोन गुणांचा डाव मागितला. टर्नर गिलचा पास मायामीच्या खेळाडूच्या बोटांना लागून पडला आणि विजेतेपद गेलं. त्यांना कुणी घरी पाठवलं नाही. राज्याने त्या माणसाला आणखी दहा वर्षं दिली, आणि मग त्याने शेवटच्या पाच मोसमांत साठ सामने जिंकून फक्त तीन गमावले.

त्यांच्या जागी आलेले फ्रँक सोलिच यांना मात्र २००३ मध्ये, नऊ विजय आणि तीन पराभवांवर काढून टाकलं. पुढे बो पेलिनी यांनी सात मोसम दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले, २०१४ मध्ये त्यांनाही नारळ दिला. सोलिच यांच्यानंतर आजवर पाच कोच झाले. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट, वुड रिव्हरसारख्या छोट्या गावातून आलेला घरचा मुलगा. तो २०१८ मध्ये कोच होऊन आला तेव्हा राज्यात दिवाळी होती. ४७ सामन्यांत १६ विजय, आणि २०२२ च्या सप्टेंबरात तोही गेला. दर काही वर्षांनी कोच बदलायचा, म्हणजे डाव बदलायचे, आणि जुन्या डावांसाठी घेतलेली मुलं नव्यात बसत नाहीत म्हणून तीही बदलायची. अशाने संघ उभा राहत नाही.

आणि ऑस्बर्न यांचा संघ उभा कशावर होता? व्यायामशाळेवर आणि वॉक-ऑन मुलांवर. व्यायामशाळेचं श्रेय बॉइड एप्ली यांचं. हा पोल व्हॉल्टचा खेळाडू पाठीच्या दुखण्याने बाजूला पडला आणि वजनं उचलू लागला. त्याच्याबरोबर उचलणारी मुलं तगडी होताना दिसली, तेव्हा १९६९ मध्ये नेब्रास्काने त्यालाच पगारावर ठेवलं. फुटबॉलपटूंनी वजनं उचलली की ते मंदावतात, असा त्या काळी भल्याभल्यांचा समज होता. पण वॉक-ऑन मुलांबद्दल मला जास्त सांगायचंय.

वॉक-ऑन म्हणजे ज्याला कुणी बोलावलेलं नाही, स्कॉलरशिप नाही, जो स्वतःची फी भरून संघाच्या दारात उभा राहतो तो मुलगा. आमच्या घरमालकीणबाईंचा भाचा असाच होता. सँडहिल्समधल्या गुरं पाळणाऱ्या घरातला, वरच्या खोलीत राहायचा. त्याच्या गावची शाळा एवढी लहान की अकरा जणांचा संघ होत नव्हता, म्हणून ती मुलं आठ-आठ जणांचं फुटबॉल खेळायची. नेब्रास्कात अशा शाळा पुष्कळ आहेत. लिंकनला आल्यावर त्याचं काम काय, तर दर आठवड्याला पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचं सोंग घ्यायचं. या आठवड्यात कोलोरॅडो असेल तर तो कोलोरॅडोचा अमुक नंबरचा खेळाडू, त्याच्यासारखं धावायचं आणि आपल्याच पहिल्या फळीकडून आडवं व्हायचं. सोमवार ते गुरुवार हाच उद्योग. शनिवारी बाहेरगावी सामना असला की संघ विमानाने जायचा आणि हा खाली बाईंबरोबर रेडिओ ऐकत बसायचा.

गुरुवारी रात्री तो आणि त्याची मावशी आमच्याकडे जेवायला असायचे. आपल्याकडे वारावर जेवून शिकणारी मुलं असत, तसाच मला तो वाटायचा. हाताच्या बोटांना पांढऱ्या चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, डाव्या कानाची पाळी सुजून जांभळी झालेली. पोळीचा तुकडा चिकटपट्टीला चिकटायचा, तो शांतपणे सोडवून वरणात बुडवायचा. एकदा मी न राहवून विचारलं, "कशासाठी रे हे सगळं?" तो म्हणाला, मी त्यांना नीट त्रास दिला तर शनिवारी त्यांना कमी त्रास होईल. एवढंच. तक्रार नाही, आव नाही. चौथ्या वर्षी, सामना केव्हाच हातात आलेला असताना, शेवटच्या काही मिनिटांत त्याला किक-ऑफला मैदानात सोडलं. वडील मक्याची कापणी अर्धवट टाकून आले होते. मुलाने कुणाला पाडलंबिडलं नाही, नुसता जीव खाऊन मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. त्या माणसाने टोपी काढून हातात धरली होती ती मुलगा बाहेर येईपर्यंत डोक्यावर ठेवली नाही.

ही भावनेची गोष्ट नाही, खेळाचं गणित आहे. तेव्हा स्कॉलरशिपची मर्यादा ८५ वर आली होती, पण ऑस्बर्नच्या संघात मुलं असायची दीडशेच्या घरात. मुलं मुबलक, म्हणून सराव एकाच वेळी चार ठिकाणी चालायचा. इतर कॉलेजांत तिसऱ्या-चौथ्या फळीतला मुलगा कडेला उभा राहून बघायचा. इथे तोही पहिल्या फळीइतकेच डाव खेळायचा. तीन वर्षं असा घासून निघालेला खेड्यातला पोरगा चौथ्या वर्षी मोठ्या शाळांतल्या नामांकित मुलांना भारी पडायचा. ब्रेनार्डसारख्या चिमुकल्या गावातला जोएल माकोविका वॉक-ऑन म्हणून आला, विजेत्या संघाचा फुलबॅक झाला आणि पुढे एनएफएलमध्ये गेला. जॅरेड टोमिचही बिनस्कॉलरशिपचाच. तो तर ऑल-अमेरिकन झाला. हे सगळे कुणीही न निवडलेले होते. त्यांना निवडलं ते कष्टांनी.

ती वाट आता अरुंद झाली आहे. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यातली एक बाजू मला मनापासून पटते. कॉलेजांना आता खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्यांच्या जिवावर स्टेडियमं भरतात त्यांना वाटा मिळायलाच हवा होता, आणि फार आधी मिळायला हवा होता. पण त्याच तडजोडीने फुटबॉलच्या संघात १०५ जणांची मर्यादा घातली. स्कॉलरशिपच्या नव्हे, डोक्यांच्या! एकशे सहावा मुलगा स्वतःची फी भरायला तयार असला, मार खायला तयार असला, तरी त्याला जागा नाही. आधीपासून संघात असलेल्यांना सूट मिळाली, तीही न्यायाधीशांनी आग्रह धरला तेव्हा. आज सँडहिल्समध्ये दहावीत शिकणाऱ्या मुलाला ती सूट नाही.

ज्या कॉलेजांच्या मागे मोठी शहरं आहेत, त्यांना या नियमाने फरक पडत नाही. त्यांना हवे ते खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून मिळतात. नेब्रास्काकडे शहर नाही, समुद्रकिनारा नाही, जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी आहे. तिच्याकडे होती ती या मुलांची रांग. तीच तोडली, तर बाकीच्यांपेक्षा वेगळं तिच्याकडे उरतं काय?

तरीही मी शक्यता मोडीत काढत नाही, आणि त्याला कारण आहे. २०२४ पासून बाद फेरीत चारऐवजी बारा संघ येतात. खुद्द ओहायो स्टेट त्या वर्षी दोन सामने हरून आठव्या मानांकनावरून विजेती झाली. आणि इंडियाना बघा. २०२५ चा मोसम सुरू झाला तेव्हा वरच्या पातळीवरच्या कॉलेज फुटबॉलच्या सबंध इतिहासात सर्वांत जास्त पराभव त्यांच्या नावावर होते. कर्ट सिग्नेटी यांच्या दुसऱ्याच मोसमात त्यांनी एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि तेही नेब्रास्काच्याच कॉन्फरन्समधून. त्या संघाबद्दल कुणी टक्केवारी काढली असती तर काय आली असती? लिंकनमध्येही एक गोष्ट या वेळी वेगळी घडली आहे. रूल यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला आहे. तो पाळला गेला, एखाद्या सात-सहाच्या वर्षाला घाबरून मोडला नाही, तर वीस वर्षांत पहिल्यांदाच एका माणसाला आपलं काम पुरं करायला वेळ मिळेल.

माझं मत विचाराल तर पुढच्या मोसमात विजेतेपद येणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चार-पाच वर्षांत बारा संघांत जागा मिळेल, आणि एकदा तिथे पोचलं की तीन-चार सामन्यांचा प्रश्न असतो. पण सहावं विजेतेपद सगळे आणलेले खेळाडू खेळून आलं, तर मला आनंद होईल आणि तरी मी आधी यादी काढून बघेन, की यात नेब्रास्काच्या गावांमधले किती. नियम करणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. जो मुलगा विद्यापीठाकडून पैसाही घेत नाही आणि स्कॉलरशिपही घेत नाही, त्याला १०५ मध्ये मोजू नका. वाटा म्हणून त्याला कुणाचा डॉलर द्यावा लागत नाही. सराव करायचा की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या, आणि तो संघात राहण्याच्या लायकीचा आहे की नाही हे त्याच्या कोचला.